वटवाघळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि दोन-चार एकदाच विचारलेले)

आमच्या गावच्या तिठ्यावर एक वड आहे. त्याला कुणी वड म्हणत नाही, ‘वाघळांचं झाड’ म्हणतात. एसटीचा कंडक्टरसुद्धा. गेली काही वर्षं मी शाळांत, सोसायट्यांत, कधी ग्रामसभेत वटवाघळांवर बोलायला जातो. भाषणापेक्षा नंतरचे प्रश्न जास्त रंगतात, आणि फिरून फिरून तेच येतात. रात्री साडेनऊला फोन येतो तो बहुधा ‘घरात शिरलंय’ म्हणून. ते उत्तर खाली आहे, घाईत असाल तर आधी तेच वाचा.

वटवाघूळ, वाघूळ, पाकोळी: हे सगळं एकच का?

वटवाघूळ आणि वाघूळ एकच. पाकोळीचा मात्र घोळ आहे. जुन्या घरांच्या वाशांत राहणाऱ्या लहान वटवाघळांना बऱ्याच गावांत पाकोळ्या म्हणतात, आणि पक्षी बघणारे लोक पाकोळी म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक पक्षी असतो. त्यात गंमत अशी की, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांच्या गुहेत राहणारी पाकोळी, म्हणजे पक्षीच, अंधारात टकटक आवाज करून प्रतिध्वनीच्या आधाराने वाट काढते. म्हणजे नावाची सरमिसळ करणारे पूर्वज अगदीच चुकले नव्हते.

वटवाघूळ पक्षी नाही. सस्तन आहे, पिल्लाला जन्म देतं, दूध पाजतं. पंख म्हणजे त्याचा हाताचा पंजाच: लांबलेली बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. अंगठा तेवढा मोकळा आणि नखासकट. उजेडासमोरून उडताना बघा, पंखात बोटांची पेरं मोजता येतात.

आपल्याकडे किती प्रकारची आहेत?

जगात चौदाशेहून जास्त जाती, भारतात सव्वाशेच्या वर. साध्या माणसाने दोन गट लक्षात ठेवले तरी भागतं: फळं खाणारी आणि किडे खाणारी.

फळवाल्यांतलं सगळ्यांत मोठं ते झाडावर उघड्यावर लटकणारं, ज्याच्या तोंडाकडे पाहून इंग्रजांनी त्याला उडता कोल्हा म्हटलं. पंख पसरले की चार-पाच फूट, वजन दीड किलोपर्यंत. मुंबईत राणीच्या बागेत गेलात तर पिंजऱ्यांकडे बघता बघता एकदा झाडांच्या शेंड्यांकडेही बघा. तिथे ती तिकीट न काढता राहतात. त्याहून लहान, आखूड नाकाचं एक असतं. ते ताडाची पानं किंवा वेलींचे झुबके कुरतडून स्वतःपुरता तंबू करतं. तिसरं गुहेत राहणारं.

किडे खाणाऱ्यांची यादी फार लांब. त्यांतली सगळ्यांत छोटी तीन-चार ग्रॅमची, म्हणजे पाच रुपयाच्या नाण्याहून हलकी. दिवेलागणीला रस्त्याच्या दिव्याभोवती जे गरगर फिरतं आणि ज्याला आपण पाखरू समजतो, ते बहुतेक हेच.

आंधळी असतात ना?

नाही. एकही जात आंधळी नाही. फळं खाणारी तर मुख्यतः डोळ्यांवर आणि नाकावरच चालतात. त्यांचे डोळे बघा, केवढे टपोरे असतात. किडे खाणारी आवाज काढतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून अंतर, आकार, वेग सगळं ताडतात. आपला कान वीस हजार हर्ट्झच्या वर बहिरा, आणि यांची बडबड बहुतांशी त्याच्या वर. म्हणून आपल्याला वाटतं की ती गुपचूप उडतात. प्रत्यक्षात ती सारखी ओरडत असतात.

हे कळायला माणसाला दीडशे वर्षं लागली. इटलीत स्पालान्झानीने १७९३ मध्ये दाखवलं की डोळे गेलेलं वटवाघूळही बिनचूक उडतं. कान बंद केले तर मात्र धडपडतं. पण ऐकण्यासारखं काही ऐकूच येत नाही, मग कानाचं काय काम, हे कोडं तसंच राहिलं. ते सुटलं १९३८ नंतर, अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिनने न ऐकू येणारे आवाज टिपणारं यंत्र वटवाघळांसमोर धरलं तेव्हा.

ती तोंडाने शी करतात हे खरं का?

हा प्रश्न दर शाळेत येतो, बाई लाजतात आणि मुलं खूश होतात. खरं नाही, पण समज कुठून आला ते बघण्यासारखं आहे.

फळ खाणारं वटवाघूळ उंबर किंवा पेरूचा घास घेतं, दातांनी आणि जिभेने टाळूवर दाबून रस पिळून घेतं, आणि उरलेला चोथा थुंकून टाकतं. दात उमटलेली ती चपटी, कोरडी वडी तुम्हाला झाडाखाली सापडेल. आता खालून बघणाऱ्याला काय दिसतं? डोकं खाली, तोंडातून काहीतरी पडतंय. झाली कथा तयार. विष्ठेच्या वेळी ती अंगठ्याच्या नखांनी फांदी धरतात, सुलटी होतात, काम उरकतात आणि परत उलटी. एकदा दुर्बिणीतून हे बघितलं की त्यांच्या स्वच्छतेबद्दल आदरच वाटतो.

उलटी लटकून दमत नाहीत?

त्यांना लटकायला जोर लागत नाही, सुटायला लागतो. पायाचे स्नायुबंध असे की शरीराच्या वजनानेच बोटं आवळली जातात आणि कुलूप बसतं. झोपेत सोडा, मेल्यावरही काही वेळा तशीच लटकलेली राहतात. विजेच्या तारांवर ती काळी चिंधी दिसते ना, तीच. मोठ्या वटवाघळाचे दोन पंख दोन तारांना एकदम टेकले की खेळ संपतो.

रक्त पितात?

रक्त पिणाऱ्या जाती जगात तीन, तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. भारतात एकही नाही.

आपल्याकडे एक मोठ्या कानांचं, मांसाहारी वटवाघूळ आहे. जुने वाडे, पडकी देवळं, गुहा ही त्याची घरं. ते बेडूक, पाली, उंदीर, मोठे किडे धरतं आणि ठरलेल्या जागी नेऊन खातं. सकाळी ओसरीवर बेडकाचे पाय, नाकतोड्याचे पंख, पालीची शेपटी असं काहीबाही पडलेलं दिसलं तर करणी-बिरणी काही नाही. वर वाशाकडे बघा.

एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं म्हणे?

हे मी स्वतःही पूर्वी भाषणात ठोकून द्यायचो. आता देत नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत काही मिनिटं पाहून, मग गुणाकार करून काढलेला आहे. मोकळ्या हवेत वटवाघूळ डास खातं, पण पतंग, भुंगेरे, उडत्या वाळव्या, तुडतुडे हेही खातं, आणि मोठा घास मिळत असेल तर डासामागे कशाला लागेल? एका रात्रीत स्वतःच्या निम्म्या वजनाइतके किडे खाणं ही मात्र बऱ्याच जातींची रोजची गोष्ट. पिल्लाला पाजणारी मादी त्याहून जास्त खाते. एवढं खरं पुरेसं आहे, फुगवायची गरज नाही.

शेतकऱ्याला काय फायदा?

किडे खाणाऱ्यांचं आधी सांगतो. थायलंडमध्ये गुहेतली वटवाघळं भातावरचे पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खातात, हे तिथल्या अभ्यासांतून दिसलं आहे. अमेरिकेत टेक्सासच्या आठ परगण्यांत, बोंडअळीचे पतंग खाऊन वटवाघळं कापूस उत्पादकांचे वर्षाला साधारण सात लाख चाळीस हजार डॉलर वाचवतात असा २००६ चा हिशेब आहे. तुडतुड्यांनी जळलेलं भात आणि बोंडअळीने पोखरलेला कापूस म्हणजे काय, हे कोकणात किंवा विदर्भात मी सांगायची गरज नाही. ते आकडे जसेच्या तसे आपल्या शिवाराला लावू नयेत, पण पतंग तिथेही रात्रीच उडतो आणि इथेही.

आता फळवाल्यांचं. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, उंडी, देशी बदाम यांचं बी लांबवर नेऊन टाकणारी ही मंडळी. पडक्या भिंतीवर, नारळाच्या खोडावर, गच्चीच्या पन्हाळीत वड उगवतो तो कुणी लावलेला नसतो. मोहाची फुलं रात्री झडतात, त्यांच्या गोड पाकळ्यांसाठी वटवाघळं येतात आणि जाताना तोंडाला लागलेले पराग दुसऱ्या झाडावर नेतात. टेटूचं फूल तर बघाच. रात्री उघडणारं, उग्र वासाचं, जाड मांसल, लांब दांड्यावर पानांच्या बाहेर काढून धरलेलं. सगळी मांडणी वटवाघळाला सोयीची. गोरखचिंचेचं मोठं पांढरं लोंबतं फूलही संध्याकाळीच उमलतं.

आणि काजू. आमच्या मांगरामागे एक सुरंगी आहे. फाल्गुन-चैत्रात सकाळी तिच्याखाली काजूच्या बिया पडलेल्या असतात, आणि जवळचं काजूचं झाड तिथून शंभर पावलं लांब. वाघूळ बोंडू तोडतं, निवांत बसायला सुरंगीवर नेतं, रस चोखतं आणि बी टाकून देतं. आमची आजी केरसुणी घेऊन आधी सुरंगीखाली जायची, मग अंगणात. ‘त्यांनी तोडून, वाहून, सोलून दिली, आपण फक्त वेचायची,’ म्हणायची. केरळातही शेतकरी अशा बिया वेचतात.

पण आंबा, चिकू, द्राक्षं खातात त्याचं काय?

खातात. ‘अजिबात नुकसान करत नाहीत’ असं सांगणारा बागेत उभा राहिलेला नसतो.

फक्त पीक बघून बोलायला हवं. हापूस आपण चौदा आणे झाला की काढतो. तो घट्ट असतो, वास सुटलेला नसतो. वाघळाला हवा असतो पाडाचा आंबा. म्हणजे पेटीत जाणाऱ्या मालावर त्याचा डोळा कमीच. शेंड्यावर राहून गेलेला किंवा रायवळ तो खातो. चिकूचंही तसंच, काढणी लांबली की नुकसान. द्राक्षाची गोष्ट वेगळी. ते वेलीवरच पिकावं लागतं, त्यामुळे तिथला फटका खरा आहे आणि तिथे जाळी लावणं समजण्यासारखं आहे.

जाळी लावाच, पण कशी ते बघून लावा. मासेमारीच्या तंगुसासारखी बारीक, ढिली, लोंबणारी जाळी म्हणजे फास. त्यात वाघूळ अडकतं, घुबड अडकतं, साप अडकतो. सोडवायला गेलेल्याला चावा बसतो तो वेगळाच. बोट आरपार जाणार नाही इतक्या लहान घराची, जाडसर धाग्याची, पांढरी आणि ढोलकीच्या कातड्यासारखी ताणलेली जाळी हवी. फटाके वाजवून दोन रात्री फरक पडतो, तिसऱ्या रात्री ती सरावतात आणि शेजारी भांडायला येतो.

घरात शिरलंय! काय करू?

पंखा बंद करा. हे पहिलं. मग घरातल्यांना खोलीबाहेर काढा, आतलं दार लावा, बाहेरच्या खिडक्या पूर्ण उघडा, दिवा मालवा आणि तुम्हीही बाहेर या. ते किड्याच्या मागे आत आलेलं असतं, तुमच्या मागे नव्हे. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक वेळा निघून जातं. झाडू, बॅडमिंटनची रॅकेट, उशा यांतलं काही लागत नाही. केसात अडकतं, चेहऱ्याला चिकटलं की सुटत नाही, या गोष्टी सोडून द्या. अंधारात पतंग टिपणाऱ्याला तुमचं डोकं चुकवता येतं.

जमिनीवर पडलं असेल तर त्याला तिथून उडता येणं कठीण असतं, ते मेलंय असं समजू नका. उघड्या हाताने उचलायचं नाही. बुटाचा खोका वरून उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, आणि खोका झाडाच्या खोडाला किंवा खरबरीत भिंतीला छातीच्या उंचीवर आडवा टेकवून उघडा. ते स्वतः वर चढेल. जखमी असेल, मांजात गुरफटलं असेल किंवा पिल्लू असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, किंवा गावातले सर्पमित्र. त्यांना बहुधा ठाऊक असतं. पिल्लाला गाईचं दूध पाजू नका. तारेवर अडकलेलं असेल तर काठी घेऊन वीरपणा करू नका, वीज कंपनीला फोन करा.

छपरात कायमची आहेत. घालवायची कशी?

आधी विचार करा, त्रास नक्की काय होतोय. लेंड्या पडत असतील तर वाशाखाली जुनी ताडपत्री बांधा, महिन्याने उचला, गुलाबाला घाला. उत्तम खत आहे.

घालवायचीच असतील तर धूर, डांबरगोळ्या, मिरच्या नकोत. संध्याकाळी सगळी बाहेर पडतात ती फट हेरा. तिच्यावर वरच्या बाजूने खिळलेली, खाली मोकळी लोंबणारी जाळी लावा: बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. चार-पाच रात्रींनी आत कुणी नाही याची खात्री करून फट बुजवा. हे पिल्लांच्या दिवसांत करायचं नाही. आया बाहेर, पिल्लं आत, आणि मग आठवडाभर वास. बहुतेक जातींना दिवाळीनंतरचे दोन महिने ठीक.

चावलं तर?

साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजच्या लशीचं डॉक्टर ठरवतील, तुम्ही किंवा शेजारच्या काकूंनी ठरवायचं नाही. वटवाघळापासून रेबीज होण्याचं प्रमाण आपल्याकडे कुत्र्याच्या तुलनेत नगण्य आहे, पण हा आजार झाल्यावर बरा होत नाही. म्हणून इथे हयगय नाही.

निपा? महाबळेश्वरच्या गुहेत सापडला होता ना?

हो, आणि नीट समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांतल्या काहींमध्ये निपाच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. महाराष्ट्रात त्या वेळी माणसाला निपा झाल्याची एकही नोंद नव्हती. बातमी आली त्या आठवड्यात मला अकरा फोन आले, त्यांतले चार ‘गुहेत धूर करायचा का’ म्हणून.

करायचा नाही. का, ते सांगतो. निपाचा विषाणू फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत मुरलेला आहे. त्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही. माणसापर्यंत तो पोचतो तेव्हा मध्ये एखादी वाट तयार झालेली असते. मलेशियात १९९८-९९ मध्ये ती वाट डुकरं होती: फळबागेखाली डुकरांचे गोठे, वरून पडणारी उष्टी फळं. बांगलादेशात रात्रभर झाडाला टांगलेल्या मडक्यातला खजुरीचा कच्चा रस. वटवाघूळ त्या धारेला तोंड लावतं आणि सकाळी तोच रस न उकळता प्यायला जातो. केरळात कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत २०१८ मध्ये सतरा माणसं गेली. तेव्हा लोकांनी आधी बोट दाखवलं ते पहिल्या घराच्या विहिरीतल्या वटवाघळांकडे. ती निघाली किडे खाणारी, आणि तपासणीत निर्दोष. पुढे फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत विषाणू मिळाला.

म्हणून करायचं ते एवढंच: उष्टं फळ खायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही. पडलेली फळं धुऊन, सोलून. नीरा उतरवणाऱ्याने मडक्याचं तोंड झाकायचं. वाघळांच्या झाडाखाली गोठा बांधायचा नाही. आणि त्यांना हाकलायचं नाही, कारण हुसकावलेली, उपाशी, घाबरलेली वटवाघळं विषाणू जास्त टाकतात असंच ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतून दिसतंय. शिवाय एका झाडावरची हजार वाघळं हाकलली की ती नाहीशी होत नाहीत, दहा झाडांवर शंभर-शंभर होतात. त्यांतलं एक झाड तुमच्या परड्यात.

कोरोना त्यांच्यामुळेच ना?

कोरोनाच्या विषाणूशी जवळचं नातं असलेले विषाणू चीन आणि आग्नेय आशियातल्या वटवाघळांत मिळाले आहेत. माणसात तो नेमका कसा आला याचा वाद मिटलेला नाही. तुमच्या गच्चीवरून उडणाऱ्या वटवाघळाने तुम्हाला कोरोना दिला नाही. तो बहुधा लग्नाला आलेल्या पाहुण्याने दिला.

वाघळांचं झाड अपशकुनी असतं का? ग्रामपंचायत तोडायचं म्हणते.

अपशकुनाचं मला काही कळत नाही. एवढं दिसतं की जिथे देवराईत किंवा देवळामागच्या झाडावर वाघळं आहेत, तिथे तेच लोक त्यांना देवाची म्हणतात. तमिळनाडूत तर वटवाघळांसाठी दिवाळीत फटाके न वाजवणारी गावं आहेत. म्हणजे शकुन माणसाच्या सोयीने फिरतो.

खरी तक्रार वास आणि आवाजाची असते, आणि ती खोटी नाही. झाडाखाली एसटीचा थांबा असेल तर थांबा वीस पावलं सरकवा, तो झाडापेक्षा स्वस्तात सरकतो. आमच्या तिठ्यावर हेच झालं. दोन वर्षं अर्ज, एक ग्रामसभा, एक पत्र्याची शेड. झाड आहे तिथेच आहे.

मला एकच गोष्ट पटवून द्यायची असते: वटवाघळाला आपल्याकडून चारा नको, पाणी नको, प्रेमही नको. त्याला त्याची जागा हवी. ही मोठी वाघळं पिढ्यान्पिढ्या एकाच झाडावर परततात. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. आणि ती जगतात बरीच. सायबेरियातलं एक सात-आठ ग्रॅमचं वटवाघूळ एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा सापडल्याची नोंद आहे. उंदरासारखं पटापट भरून निघणारं हे खातं नाही. झाड एका सकाळी पडतं आणि वसाहत मोडते.

वटवाघळाचं तेल दम्यावर, संधिवातावर चालतं का?

नाही.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती. ती उपद्रवी प्राण्यांची यादी, कावळे आणि उंदीर-घुशींच्या पंगतीत. म्हणजे मारलं तरी गुन्हा नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पन्नास वर्षं लागली.

त्याच जुन्या कायद्यात दोन वटवाघळं मात्र वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत होती. त्यांतल्या एकाची गोष्ट मुंबईत घडली. तमिळनाडूच्या डोंगरांत १९४८ मध्ये पकडलेलं एक फळखाऊ वटवाघूळ ‘साधं आखूड नाकाचं’ अशा चिठ्ठीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटात पडून होतं. चोवीस वर्षांनी, १९७२ मध्ये, कित्ती थोंगलोंग्या या थाई अभ्यासकाने ते हातात घेतलं आणि म्हणाला, हे वेगळंच आहे. नाव दिलं सलीम अलींचं.

आणि दुसरं?

हे माझं लाडकं. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक जिथे एकमेकांना खेटतात, तिथे खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ, भीमगडाच्या रानात बारापेडेच्या गुहा आहेत. १९१२ मध्ये सस्तन प्राण्यांच्या मोठ्या पाहणीत तिथे एक वटवाघूळ मिळालं. चॉकलेटी अंग, मानेवर फिकट पट्टा, आणि थोबाडापेक्षा मोठे वाटणारे, पुढे झुकलेले कान. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ऑल्डफील्ड थॉमसने त्याचं वर्णन केलं आणि त्या पाहणीमागच्या रौटन या वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं संपूर्ण जगात ते फक्त त्या एका ठिकाणी माहीत होतं. मग कंबोडियात एक सापडलं आणि मेघालयात काही.

आता ते रान भीमगड अभयारण्यात आहे. गुहेत जायला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. मिळू नये. ‘तुम्ही पाहिलंय का?’ असं मुलं विचारतात. नाही. खानापूरच्या त्या गावांत मराठीत गप्पा मारल्या, लांबून डोंगर बघितला, परत आलो.

लेण्यांतली चित्रं खराब करतात, मग तिथेही राहू द्यायची?

नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर वटवाघळांच्या मलमूत्राने डाग पडले आहेत, हे खरं नुकसान आहे, आणि तिथे जाळीची दारं लावणं योग्यच. पण प्रत्येक किल्ल्यावरचं प्रत्येक कोठार म्हणजे अजिंठा नव्हे. ट्रेकला जाणाऱ्यांना विनंती: भुयारात, टाक्यात, गुहेत ती दिसली तर मशाल, फ्लॅश, आरोळ्या नकोत. जमिनीवर लेंड्यांचा थर असेल तर धूळ उडवू नका. त्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

उन्हाळ्यात पटापट मरून पडतात, साथ असते का?

बहुतेकदा ऊन असतं. मे २०२० मध्ये गोरखपूरजवळ आमराईत ती मोठ्या संख्येने मेली आणि कोरोनाच्या दिवसांत सगळीकडे घबराट झाली. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासलं तर कोरोना नाही, रेबीज नाही, उष्माघात. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की पंखांनी वारा घेणं, अंगाला थुंकी लावणं हे त्यांचे उपाय थिटे पडतात. जवळ पाणवठा आणि दाट सावली असेल तर निभावतं. मेलेली दिसली तर हात न लावता वनखात्याला कळवा.

गच्चीवर लाकडी पेटी लावली तर येतील का?

येतील, नाहीही येतील. आपल्याकडच्या उन्हात पेटीचा तवा होतो. त्या पैशांत उंबराचं रोप लावा आणि गच्चीवरचा रात्रभर जळणारा पांढरा दिवा बंद करा.

बघायची कुठे, कशी?

१७ एप्रिलला वटवाघूळ दिन असतो आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी वटवाघूळ रात्र. ती युरोपातल्या उन्हाळ्याच्या सोयीने ठरलेली, आपल्याकडे तेव्हा छत्री लागते. मी एप्रिल धरतो.

गावातलं वाघळांचं झाड शोधा. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा, झाडाखाली नव्हे, थोडं लांब, पश्चिमेकडे तोंड करून. चौघे असाल तर चार दिशा वाटून घ्या. आधी नुसती कुरबुर असते, जागेवरून भांडणं, पंख झटकणं, एखादी आई पिल्लाला पोटाशी आवळून घेते. मग एक सुटतं आणि एक फेरी मारून परत येतं. कुणीच निघत नाही. पाच मिनिटं काही नाही. मग अचानक एका बाजूने ओघळ सुरू होतो. तेव्हा एकेक मोजू नका, दहा-दहाचे घोळके मोजा आणि वहीत रेघ मारा. दरवर्षी त्याच तारखेला, त्याच जागेवरून.

आमच्या तिठ्यावर गेल्या एप्रिलला पूर्वेची बाजू सातवीतल्या एका मुलीकडे होती. तिने एकशे बारा रेघा मारल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: ‘मध्ये एसटी आली तेव्हाचं मोजलं नाही.’

यंदाची मोजणी कधी?

१७ तारखेला, संध्याकाळी सहाला, नव्या थांब्यापाशी. वही-पेन आपापलं आणा. टॉर्च नको.